जमिनीला कान लावून

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या दहावीच्या १९८४ च्या तुकडीच्या विद्यार्थिनी असून भूभौतिकी या विषयात त्यांनी तीस वर्षे काम केले आहे.)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मला उभं राहून दोन वाक्यं बोलता येत नव्हती, हे माझ्या बाकावर बसणाऱ्यांना आठवत असेल. त्यामुळे वीस मिनिटं म्हणजे शाळेने माझ्यावर चांगलाच विश्वास टाकला म्हणायचा.

विषय काय घ्यायचा, असं मी फोनवर विचारलं. उत्तर मिळालं, “तू जमिनीखालचं काहीतरी बघतेस ना, तेच सांग. पण आम्हाला कळेल असं सांग.” तर तेच सांगणार आहे. जमिनीखाली दहा किलोमीटरवर असलेली भेग, जिथं कुणी जाऊ शकत नाही, ती आम्ही कशी बघतो. आणि बघून काय कळतं, काय कळत नाही. शेवटी शाळेबद्दल एक विनंती आहे. ती कुणाला आवडेल, कुणाला आवडणार नाही. पण आपल्या माणसांत नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

आपल्या तालुक्यात भूकंपाची ओळख करून द्यावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची चार वाजून एकवीस मिनिटं. ही वेळ आपल्याकडे घराघरात पाठ आहे. मी तेव्हा जन्मले नव्हते. आई चार महिन्यांची गरोदर होती. आजी धार काढायला उठून गोठ्यात गेली होती, म्हणून वाचली. आई तिला कंदील धरायला गेली होती, म्हणून ती वाचली आणि मीही वाचले. आत्या नऊ वर्षांची होती. ती आत झोपली होती. दगडमातीची दीड हात रुंद भिंत तिच्या अंगावर आली. पुढच्या मे महिन्यात माझा जन्म झाला तो पत्र्याच्या शेडमध्ये. आजी मला शेवटपर्यंत कधीकधी आत्याच्याच नावाने हाक मारायची आणि मग गप्प व्हायची.

त्या पहाटे कोयना भागात जवळजवळ दोनशे माणसं गेली. दोन हजारांवर जखमी झाली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. १०३ मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या. धरण उभं राहिलं आणि नंतर त्याला मागून आधार देऊन मजबूत केलं गेलं. भूकंपाची तीव्रता ६.३ होती. त्याआधी हा सगळा दख्खनचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने शांत, स्थिर समजला जायचा. पुस्तकात तसंच लिहिलेलं असायचं.

आजीचा प्रश्न साधा होता. “कुठून आलं गं ते?” मी एम.एस्सी.ला हैदराबादला गेले, भूभौतिकी घेतलं, तेव्हा गावात सगळे विचारायचे की ही नेमकं काय शिकते. मी सांगायचे, आजीच्या प्रश्नाचं उत्तर शिकते. आजी म्हणायची, “मग सापडलं की सांग.” सापडायला वेळ लागला. ती गेल्यानंतर बरंच सापडलं.

आता मुख्य गोष्ट. आपण बाजारात माठ घ्यायला गेलो की काय करतो? बोटाने वाजवून बघतो. चांगला भाजलेला, अखंड माठ खणखणीत वाजतो. तडा असेल तर बद्द आवाज येतो. तडा डोळ्यांना दिसत नसला तरी कानाला कळतो. माझा सगळा व्यवसाय एवढ्या एका गोष्टीवर उभा आहे. आम्ही जमीन वाजवून बघतो.

वाजवायचं कसं? लहान काम असेल तर घण घेऊन जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी पाट्यावर मारायचा. मोठं काम असेल तर जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवायचा, किंवा मोठ्या ट्रकच्या पोटाखाली बसवलेल्या जड पाट्याने जमीन ठरावीक लयीत थरथरवायची. त्यातून तरंग खाली जातात. वाटेत खडक बदलला की तरंगाचा थोडा भाग उलटा फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर परत यावी तसा. वर आम्ही शेकडो, कधी हजारो जिओफोन ओळीने रोवून ठेवलेले असतात. जिओफोन म्हणजे मुठीत मावणारं, खाली खिळा असलेलं यंत्र. ते जमिनीचा थरकाप टिपतं. आमच्या ओळी बघून प्रत्येक गावात एकच प्रश्न येतो, “तेल लागलं का?” आणि दुसऱ्या दिवशी दोन जिओफोन कुणाच्या तरी शेळीने उपटलेले असतात.

मग हिशोब. आपल्या काळ्या पाषाणात हा तरंग सेकंदाला साधारण पाच किलोमीटर जातो. प्रतिध्वनी एका सेकंदाने परत आला तर जायला अर्धा सेकंद, यायला अर्धा. म्हणजे तो खडक अडीच किलोमीटर खाली आहे. सातवीच्या गणिताच्या पुस्तकातलं उदाहरण आहे हे. फरक एवढाच की आम्ही असे लाखो प्रतिध्वनी एकत्र करून त्यांचं चित्र काढतो. डॉक्टर सोनोग्राफीत पोटातलं बाळ बघतात, तेच तत्त्व. फक्त आमचं पोट फार मोठं आणि बाळ फार खोल.

पण भेग बघताना एक अडचण येते. आडवे थर चांगले दिसतात, कारण त्यांच्यावर आपटून तरंग सरळ वर येतो. हिमालयाखालची मोठी भेग जमिनीशी थोडाच कोन करून उताराने खाली जाते. १९९२ मध्ये चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी दक्षिण तिबेटात हेच तंत्र वापरलं, तेव्हा ३० ते ४० किलोमीटर खोलीवर तिचा प्रतिध्वनी मिळाला. पण कोयनेसारखी भेग जवळजवळ उभी असते. उभ्या भिंतीवर वरून चेंडू टाकला तर तो तुमच्या हातात परत येत नाही, भिंतीला घासून खाली निघून जातो. तसं होतं. मग उभी भेग ओळखायची कशी? तर तिच्या दोन बाजूंचे आडवे थर एकमेकांशी जुळत नाहीत, यावरून. चोराला न बघता फुटलेल्या कौलावरून ओळखायचं.

आणि आपल्याकडे आणखी एक अडचण. आपला सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. विहीर खणणाऱ्यांना हे कुठल्याही शास्त्रज्ञापेक्षा चांगलं माहीत आहे. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा, परत पाषाण. कठीण, मऊ, कठीण, मऊ. तरंग यात शिरला की प्रत्येक थरावर थोडा थोडा फुटतो. खालपर्यंत पोचतो तोवर त्याचा जीव निम्मा झालेला असतो. आणि या थरांच्या खाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, त्यात आडवे थरच नाहीत. तिथं जुळत नाहीत म्हणायला काही नसतंच. आणि कोयनेचे बहुतेक भूकंप होतात ते नेमके तिथं, दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीत.

तरी प्रयत्न झाले. १९६७ नंतरच्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किनाऱ्यावरच्या गुहागरपासून चोरोचीपर्यंत आणि केळशीपासून लोणीपर्यंत अशा दोन लांब रेषांवर सुरुंग उडवून तरंग मोजले. त्यातून आपल्या पायाखालच्या कवचाची जाडी समजली, ३५ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान. आपल्यापैकी काहींच्या वडिलांनी तेव्हा त्या कामावर केबल ओढायची मजुरी केली असेल. त्यांना कुणी सांगितलं नसेल की आपण काय ओढतोय. आज मी सांगते. ते जमिनीचा आवाज ओढत होते.

पुढची युक्ति मला फार आवडते. वरून वाजवून जमत नसेल तर आतून वाजण्याची वाट बघायची. कोयनेत १९६२ च्या सुमारापासून, म्हणजे शिवाजीसागर भरायला लागल्यापासून, लहान धक्के थांबलेलेच नाहीत. त्यातले बरेचसे आपल्याला जाणवतही नाहीत. प्रत्येक लहान धक्का म्हणजे खालून कुणीतरी मारलेली टिचकी. चहूबाजूंना भूकंपमापक बसवले, प्रत्येकाकडे तरंग किती वाजता पोचला हे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलं, तर टिचकी कुठून आली ते कळतं. आणि वाटेतला खडक कसा आहे तेही कळतं, कारण फुटक्या, पाणी मुरलेल्या खडकातून तरंग सावकाश येतो. हजारो टिचक्यांचा असा हिशोब एकत्र मांडला की सीटी स्कॅनसारखं चित्र उभं राहतं. भेग स्वतःच्या आवाजाने स्वतःचं चित्र काढून देते.

त्या चित्रात काय दिसलं? हे सगळे धक्के साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात गोळा झालेले दिसले. दोणाचीवाड्याजवळ १९६७ साली जमिनीवर जी चिरफाड झाली होती, ती खालच्या मोठ्या भेगेचं वरचं टोक होतं. तिच्या दोन बाजू वरखाली नाही, तर मुख्यतः एकमेकींना घासून आडव्या सरकल्या होत्या. १९८५ च्या सुमाराला वारणेचं धरण भरू लागलं, त्यानंतरच्या काळात धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. आणि धरणातलं पाणी पावसाळ्यात चढलं की त्यानंतरच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे दरवर्षीचं गणित शास्त्रज्ञांनी नीट नोंदवून ठेवलं. १९८० चा सप्टेंबर आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. आम्ही सातवीत होतो आणि घंटा न होता आपण मैदानात पळायचो.

इथं एक गैरसमज काढला पाहिजे. पाणी भूकंप तयार करत नाही. एवढा ताण पाण्याच्या वजनाने येत नाही. ताण आधीपासून खडकात साठलेला असतो, भारताची जमीन उत्तरेला हिमालयाला रेटते आहे त्यातून आलेला. पाणी खालच्या भेगेत मुरतं, तिथला दाब वाढवतं, आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या दोन बाजूंची पकड सैल करतं. कलंडायला आलेली गाडी होती, पाण्याने फक्त ब्रेक सोडला. हे चांगलं की वाईट, धरण हवं की नको, हा वेगळा वाद आहे. मी त्यात आज शिरत नाही. मुंबईच्या दिव्यात आणि आपल्या दिव्यातही कोयनेची वीज आहे.

चित्र कितीही चांगलं असलं तरी एक दिवस खाली उतरून बघावंच लागतं. २०११ नंतर कोयना परिसरात दीड किलोमीटरपर्यंत खोल अशी अनेक विंधन छिद्रं घेतली गेली. कऱ्हाडजवळ हजारमाचीला भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा याच कामासाठी उभी राहिली. रासाटीला ९३२ मीटरवर काळा पाषाण संपला. गोठण्याला २०१७ साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं, तिथं पाषाण १२४७ मीटरवर संपला. आणि खाली काय? मधे नदीची वाळू नाही, समुद्राचा गाळ नाही, थेट जुना ग्रॅनाइटी खडक. काही छिद्रांत खोलवर भूकंपमापक सोडले, वरच्या वाऱ्यापावसाच्या, गाड्यांच्या गोंगाटापासून दूर. टिचकी कुठून आली हे आता पूर्वीपेक्षा किती तरी नेमकं सांगता येतं.

मी या प्रकल्पात नव्हते, हे स्पष्ट सांगते. माझी नोकरी तेलाच्या शोधात गेली. पण मी कऱ्हाडला पाहुणी म्हणून गेले होते आणि पेटीत ओळीने ठेवलेल्या त्या दगडी कांड्यांवर हात ठेवला होता. गार होत्या. मला आजीची आठवण आली. तिच्या प्रश्नाचं उत्तर लाकडी पेटीत नंबर घालून ठेवलेलं होतं.

आता माझी एक फजिती सांगते. नोकरीत मी नवीन होते. गुजरातेतल्या एका सर्वेक्षणाचं चित्र माझ्याकडे आलं. त्यात सगळे थर एका जागी छान खाली वाकलेले आणि तुटलेले दिसत होते. मी रंगीत पेन्सिलीने तिथं ठळक भेग काढली. दोन दिवस त्या भेगेवर मी फार खूश होते. साहेबांनी चित्र बघितलं आणि एवढंच विचारलं, “तिथं वर काय आहे, ते बघून आलात का?” मी गेले. वर जुन्या नदीचं बुजलेलं पात्र होतं, भुसभुशीत वाळूने भरलेलं. वाळूत तरंग सावकाश चालतो. त्या पट्ट्याखालून येणारा प्रत्येक प्रतिध्वनी थोडा उशिरा पोचत होता, म्हणून खालचे सगळे थर खाली गेल्यासारखे दिसत होते. भेग जमिनीत नव्हतीच. ती माझ्या पेन्सिलीत होती.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून आहे. खोलचं चित्र खरं की खोटं हे बऱ्याचदा वरच्या दहावीस फुटांवर ठरतं. आणि चित्र म्हणजे फोटो नव्हे, तो हिशोब आहे. हिशोबात गृहीत धरलेलं चुकलं तर चित्र सुंदर येतं आणि चुकीचं येतं.

दुसरी मर्यादा बारकाईची. आमच्या तरंगाची लांबी खोलवर दीडशे-पावणेदोनशे मीटर असते. तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे चाळीसेक मीटरपेक्षा बारीक गोष्ट नीट दिसत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास नावाची प्रसिद्ध भेग आहे. तिथं पार्कफिल्डजवळ २००४ ते २००७ या काळात शास्त्रज्ञांनी तिरकं छिद्र पाडून थेट भेगेच्या आरपार नेलं. तरंगांच्या चित्रात सुमारे दोनशे मीटर रुंद चुराडा झालेला पट्टा दिसत होता. प्रत्यक्षात हलणारा भाग निघाला फक्त दोन चिकणमातीच्या पट्ट्यांचा. एक १.६ मीटर रुंद, दुसरा २.६ मीटर. या व्यासपीठाच्या रुंदीत दोन्ही मावतील. एवढीशी ओलसर, बुळबुळीत माती, आणि तिच्यावर दोन महाप्रचंड तुकडे सरकतात.

आणि तिसरी मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. याच पार्कफिल्डला साधारण दर बावीस वर्षांनी सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप होत आला होता. शास्त्रज्ञांनी हिशोब मांडून सांगितलं की पुढचा १९९३ च्या आत होईल. जगातली उत्तमोत्तम यंत्रं तिथं लावून ठेवली. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. जागा बरोबर, तीव्रता बरोबर, वेळ अकरा वर्षांनी चुकली. आजही जगात कुणालाही भूकंपाची तारीख सांगता येत नाही. मोबाइलवर कुणी तारीख पाठवली तर ती पुढे पाठवू नका. माझ्या नावाने तर अजिबात नको.

मग तुम्ही म्हणाल, तारीख सांगता येत नाही तर एवढा खर्च, एवढी छिद्रं, एवढे जिओफोन कशाला? उत्तर असं की कधी ते कळत नाही, पण कुठं आणि किती जोराचा, हे कळतं. आणि ते कळलं की एक काम आपल्या हातात उरतं. ते काम जमिनीच्या वरचं आहे.

१९९३ साली ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तीव्रता ६.२, म्हणजे कोयनेच्या जवळपास सारखीच. माणसं गेली सुमारे दहा हजार. तिथंही पहाट होती, तिथंही माणसं झोपेत होती, तिथंही दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर होतं. भेगेने माणसं मारली नाहीत. भिंतींनी मारली. माझी आत्या भेगेत पडली नव्हती. ती भिंतीखाली गेली. दोन थरांची भिंत, बाहेर दगड, आत दगड, मध्ये गोटे आणि माती. आरपार जाऊन दोन्ही थर बांधून ठेवणारा दगड एकही नाही. हलली की भिंत फुगते आणि एक थर बाहेर, एक थर आत कोसळतो. आजोबांनी भिंत मुद्दाम वाईट बांधली नव्हती. त्यांनी ती त्यांच्या वडिलांनी बांधली तशी बांधली.

आणि आता ती विनंती.

सातवी ब चा वर्ग सगळ्यांना आठवतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून आढ्याकडे तिरकी गेलेली भेग. १९६७ ची. आमच्या विज्ञानाच्या सरांनी, सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगायला जास्त आनंद होतो, त्या भेगेवर जुन्या उत्तरपत्रिकेच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर तारीख. धक्का बसला की आम्हाला बघायला पाठवायचे, कागद फाटला का. १९८० च्या सप्टेंबरात दोन पट्ट्या फाटल्या. सरांनी वहीत तारखा लिहिल्या आणि त्यांच्या शेजारी नव्या पट्ट्या लावल्या. पुढे आयुष्यात मी कोट्यवधी रुपयांची यंत्रं हाताळली, पण मी बघितलेलं पहिलं भूकंपाचं यंत्र म्हणजे ती चार बोटांची कागदाची पट्टी.

काल संध्याकाळी मी त्या वर्गात गेले. मेळाव्यासाठी सगळी शाळा रंगवली आहे, फार सुंदर दिसते. भेगही रंगवली आहे. हात फिरवला तर लागते.

आपण सगळे मिळून त्याच इमारतीवर पहिल्या मजल्यावर सभागृह बांधायचं ठरवतो आहोत. पैसे जमत आले आहेत. आपल्या तुकडीने दिलेत, मीही दिलेत. हेतू फार चांगला आहे. पण खालची इमारत दगडी आहे, भेग पडलेली आहे, आणि भूकंपाच्या पट्ट्यात उभी आहे. तिच्या डोक्यावर मजला चढवण्याआधी एक पायरी राहून गेली आहे. बांधकामाची ताकद तपासणाऱ्या अनुभवी अभियंत्याकडून इमारतीची तपासणी. पाया कशावर आहे, मुरुमावर की भरावावर. भिंतीत आरपार दगड आहेत का. खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंती एकत्र बांधणारा सलग पट्टा आहे का. भेग मेलेली आहे की जिवंत.

कदाचित तो अभियंता म्हणेल, इमारत भक्कम आहे, खुशाल बांधा. मी सगळ्यात आधी पेढे वाटीन. कदाचित म्हणेल, आधी भिंती मजबूत करा. कदाचित म्हणेल, वर नको, शेजारी एक मजली बांधा. तसं झालं तर सभागृह दोन वर्षं उशिरा होईल आणि कोनशिलेवर आपल्या तुकडीचं नाव थोडं उशिरा लागेल. तेवढं सोसू. खाली सातवीची पोरं बसतात. त्यांच्या आयांनी त्यांना आपल्या भरवशावर पाठवलेलं असतं.

मला माहीत आहे, समितीने तीन वर्षं रात्रंदिवस खपून पैसे उभे केले आणि आज ही बाई मुंबईहून येऊन खो घालते, असं कुणाला वाटेल. तसं नाही. मी दिलेल्या रकमेतून पहिला खर्च या तपासणीचा करावा, एवढंच मागते. कमी पडले तर मी आणखी देईन. साहेबांनी मला एकदा विचारलं होतं, वर काय आहे ते बघून आलात का. तोच प्रश्न मी उलटा करून विचारते आहे. वर बांधण्याआधी खाली काय आहे ते बघून आलो का?

आज सकाळी लवकर येऊन मी एक काम केलं, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. सातवी ब मध्ये त्या भेगेवर एक कागदाची पट्टी चिकटवली आहे. खळीने. तारीख टाकली आहे. वर्गातल्या दोन मुलींकडे जबाबदारी दिली आहे, दर सोमवारी बघायचं आणि वहीत लिहायचं. त्यांनी मला विचारलं, “फाटली तर काय करायचं?” मी म्हटलं, सरांना सांगायचं. “आणि नाही फाटली तर?” मी म्हटलं, तेही लिहायचं. काही झालं नाही, हीसुद्धा नोंद असते.

सर, तुमची ती जुनी वही कुणाकडे असेल तर मला हवी आहे. माझ्याकडच्या सगळ्या चित्रांपेक्षा ती या भिंतीबद्दल जास्त सांगेल.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. चहा गार झाला असेल तर त्याची जबाबदारी माझी.